अकरा कवडसे

मी या डोंगरावर नवी होते, मक्याच्या खोऱ्यातून आलेली,
तेव्हा भर दुपारी एलेउतेरियोनं, माझ्या सासऱ्यानं,
अंगातला शर्ट काढला
आणि कॉफीच्या दोन ओळींमध्ये पाल्यावर पसरला,
बाह्या नीट उघडून,
जणू कुणाला तरी निजवतोय.
"मोज," म्हणाला.

वर ग्वामाची पानं हलत होती,
खाली कवडसे जागा बदलत होते.
मी सात म्हणाले, मग तेरा, मग हसूच आलं.
"वारा पडू दे. घाई कसली?
अकरा भरले तर सावली बरोबर.
कमी भरले तर कोयता घे.
जास्त भरले तर गप घरी जा,
आणि शेंगेतली बी लाव."

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर
मार्कालाहून यादिरा आली, सहकारी संस्थेची.
तिच्या हातात काळं यंत्र, त्याला एकच डोळा.
चाळीस टक्के, ती म्हणाली, उत्तम.
शर्ट अकरा म्हणतो, म्हातारा म्हणाला,
आणि हातभर लांब शेंग पिळून तिच्यापुढे धरली:
आत कापसासारखा गर, गोड,
आणि बियांना शेंगेतच कोंब फुटलेले.
तिनं वहीत काय लिहिलं ठाऊक नाही.
बिया मात्र खिशात टाकल्या.

मला आवडते ती मुळांची गोष्ट.
उकरून पाहिलं तर मोहरीएवढ्या गाठी,
नखानं फोडावी तर आत गुलाबी,
बाळाच्या हिरड्यांसारखी.
हवेतलं काहीतरी हे झाड मातीत आणून ठेवतं,
शेजारीण उंबऱ्यावर अंडी ठेवून जाते तसं,
हाक न मारता.

तरी तांबेरा आला त्या वर्षी
सावलीनं सगळं वाचवलं असं नाही.
पानं नारिंगी भुकटीनं भरली, मग गळली,
आणि विल्फ्रेदो उत्तरेला गेला.
ह्यूस्टनमध्ये छपरांवर डांबरी कौलं ठोकतो.
रविवारी फोनवर म्हणाला,
"इथे शर्टावर एकच कवडसा असतो, दोमी.
अख्खा शर्ट."
मी हसले.
मग बराच वेळ दोघांचेही पैसे जात राहिले.

म्हातारा आता उठत नाही. खाटेवरूनच विचारतो, किती?
आज मी विल्फ्रेदोचा शर्ट नेला,
निळा, कोपरावर मीच लावलेलं ठिगळ.
नऊ.
कोयता घेऊन चढले.
फांद्या पडत गेल्या, कॉफीच्या बुंध्याशी ओला पाला साचला,
आणि शर्ट त्याखाली पार बुडाला.
खाली उतरून उकरला, झटकला, पुन्हा पसरला,
बाह्या नीट उघडून.
वारा पडेपर्यंत उकिडवी बसले.

अकरा भरले.
बाराव्याचं कळेना; तो ठिगळावर होता,
येत होता, जात होता.
घरी येऊन तसं सांगितलं.
म्हातारा डोळे न उघडताच म्हणाला,
"ठिगळावरचा धरत नाहीत."