चंचुपात्र

कंदील उतरले,
ऐरोलीत ऊन मात्र अजून ऑक्टोबरचंच.
कात्री घेऊन मागच्या दारी जाते.
रो-हाउसमागची पाच पावलांची बाग,
तिच्यातलं उरलंसुरलं:
पिवळी कोरांटी, बोटांना टोचणारी,
तोरणातून सुटलेला झेंडू,
कुर्डूचा एक तुरा, कुणीच न लावलेला,
आणि तेरडा.

त्याची बोंडं जपून धरावी लागतात.
तरी एक फुटलंच मुठीत,
गुदगुली करून गेलं.

"तेरडा कशाला घेता?"
मढवीवहिनी कुंपणावरून,
"तीन दिवसांचा रंग!"
म्हटलं, तीन तर तीन.

फुलदाणी आमच्याकडे नाही.
आहे ते तुर्भ्याच्या रंग-कंपनीतलं चंचुपात्र;
टाळं लागलं त्या दिवशी
ह्यांनी डब्याच्या पिशवीतून आणलेलं.
सव्वीस वर्षं त्यात चिंध्या बुडवून
बघत होते, रंग पक्का की कच्चा.

पाणी अडीचशेच्या रेघेपर्यंत.
कोरांटी एका अंगाला कलली, कलू दिली.

छान दिसतात, असं म्हणणं ह्यांना जमत नाही.
पण सकाळी, चहाच्याही आधी,
टेबलाशी वाकलेले दिसले,
डोळा रेघेच्या पातळीत आणून.
"दोनशे दहा," म्हणाले.
"चाळीस प्यायली रात्रीत."
कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांखाली
चाळीस लिहिलं.

चौथ्या दिवशी तेरडा गळला
पांढऱ्या टेबलक्लॉथवर.
पाकळ्या झटकायला गेले तर
हात धरला माझा.
"थांब," म्हणाले,
"डाग धरतोय का, बघू."