कालेर्वोची वही

जावाची किंमत कालेर्वोनं एकदाच सांगितली.
घासाघीस केली ती त्याच्या कुत्र्यानं, भुंकून.
मग किल्ली दिली. मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा:
आत वायसर, सर्क्लिपा, दात पडलेलं एक स्प्रॉकेट
आणि कुठली ते त्यालाही आठवेना अशी एक स्प्रिंग.
आणि मी निघताना, फाटकापाशी,
तेलकट बोटांनी आरपार दिसू लागलेली एक वही.

"१९७४, ३ जून. क्लच प्लेटा बदलल्या. आउनेशी भांडण."
"४ जून. प्लेटा उलट्या बसल्या होत्या. आउने म्हणत होती तेच."
"१९८१. पॉइंटची फट शून्य पूर्णांक चार. बर्फ लवकर पडला."
"१९९६. आउने गेली. साखळीला तेल दिलं."
"साखळीला तेल दिलं."
"साखळीला तेल."

ही गाडी किक मारायच्या दांडीनंच गिअर बदलते,
आत दाबून पुढे वळवायची, बस्स.
असं काटकसरीचं दुसरं काही
मी तरी कुणाच्या घरात पाहिलं नाही.

केमियार्वीत हिवाळा सात महिने मुक्काम ठोकतो.
गॅरेजचं कुलूप गोठतं, बोटं पान्याला चिकटतात,
म्हणून कार्बोरेटर स्वयंपाकघरात येतो, वर्तमानपत्रावर,
पाहुण्यासारखा.
जेट दिव्यासमोर धरायचा. केसाएवढं भोक.
त्यातून उजेड दिसला की उन्हाळा येणार हे नक्की.
सुटे भाग ज्या पातेल्यात धुते
त्यात आता सूप करत नाही.
एकदा केलं होतं.

गुरुवारी रेयो येतो, मासेवाला, आणि ताइमी, शाळेच्या बसवाली.
तिघं मिळून संध्याकाळभरात अकरा-बारा शब्द.
"दहाचा." "हा बाराचा." "हं."
कॉफी. पुन्हा कॉफी.
रेयोचा घटस्फोट आम्हाला असाच कळला:
त्यानं मागची सीट काढून ठेवली होती.
ताइमीनं ती कपाटावरून उतरवली, पुसली,
पुन्हा बसवली, चारही नट आवळले,
आणि म्हणाली, "पाऊस येतो आत, उघडं राहिलं तर."

जुलैत इनारीच्या अलीकडे क्लचची केबल तुटली.
रात्रीचे दोन, सूर्य डोक्यावरच, आणि डास
जणू माझ्याच नावाची वर्गणी काढून आलेले.
समोरून एक हेडलाइट. डावा हात खाली, दोन बोटं.
आम्हा लोकांचा नमस्कार तेवढाच असतो,
पापणी लवेपर्यंत मागे पडणारा.
पण हा पुढे जाऊन वळला.
निल्लास. रेनडिअर राखणारा. नाव शेवटी सांगितलं.
खिशातून विजेच्या जोडणीतला पितळेचा तुकडा काढला,
तुटल्या टोकावर बसवला, स्क्रू पिळला,
लिव्हर दाबून कान लावला, डॉक्टरसारखा.
पैसे घेतले नाहीत.
माझी राईची भाकरी घेतली. सगळी.

तो तुकडा अजून तिथंच आहे.
नवी केबल आणून ठेवलीय, डब्यात,
त्या अनाथ स्प्रिंगशेजारी.

ऑक्टोबर. माझी रात्रपाळी.
सात नंबरच्या खाटेवर नवा पेशंट, वय एक्क्याऐंशी,
चादरीवर ठेवलेले हात मी चेहऱ्याआधी ओळखले:
नखांखालचं काळं इस्पितळाच्या साबणालाही दाद देत नव्हतं.
रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. आकडा वाईट होता.
त्यानं तो विचारलाही नाही.
बऱ्याच वेळानं, छताकडे बघत:
"तिसरा गिअर अजून निसटतो?"
"निसटतो."
"चढावर?"
"चढावरच."
"दुरुस्त करू नकोस," कालेर्वो म्हणाला.
"चौऱ्याहत्तरपासून मी करतोय."
आणि हसला, म्हणजे नाकातून थोडी हवा सोडली.

सकाळी घरी आले. बूट न काढता वही उघडली.
तारीख घातली.
"तिसरा गिअर," इतकं लिहिलं,
आणि पेन हातात धरून बसले,
बाहेर रेयोची मासळीची गाडी हॉर्न देईपर्यंत.