हात राहू देत

क्वार्टर गेटच्या मागे, बेकरीच्या वरती,
लाकडी जिना, अकरा पायऱ्या.
बारावी मोडलेली. सर वरून ओरडायचे,
"उडी मारा, चेहऱ्याला रंग येतो."
पाटीवर नाव: श. रणभिसे, छायाचित्रकार.
खाली खडूनं: जेवायला गेलो आहे.
ते कधी पुसलं गेलं नाही.

मी तांबट आळीतली.
ठोक्याठोक्यानं घागरीवर उजेड कसा फुटतो
ते वडिलांच्या मांडीशी बसून पाहिलेलं.
पहिल्या दिवशी एवढंच सांगू शकले.
म्हणाले, "मग निम्मं येतंच तुला.
उरलेलं निम्मं म्हणजे गप्प बसणं."

उत्तरेची एक खिडकी. तिला धुवट मांजरपाट.
समोर भिंतीला टेकवलेली जर्मनची परात;
सावलीतला गाल तिच्याकडून
उजेड उसना घ्यायचा.
मोठे दिवे दोन होते,
विजेच्या बिलाला भिऊन टॉवेलाखाली झाकलेले.

"हसा" असं त्यांनी कुणालाच म्हटलं नाही.
विचारायचे, सकाळी काय खाल्लंत?
माणूस आठवायला लागायचा.
उपीट. शिळी भाकरी. काहीच नाही.
त्या 'काहीच नाही'च्या जरासं अलीकडे
खटका.

दहावीच्या फॉर्मांचे, स्थळांना पाठवायचे,
ससूनला नर्सिंग शिकणाऱ्या पोरींचे,
नव्या बुटांनी अवघडलेल्या एका शिपायाचे,
सगळ्यांना तेच डुगडुगतं स्टूल.
पासपोर्टला खांद्यापर्यंत पुरतं,
तरी हे घेणार गुडघ्यापर्यंत.
"कापायचं ते कापून दे त्यांना.
निगेटिव्हमध्ये हात राहू देत.
तोंड सगळेच सांभाळतात गं,
हातांना कुणी शिकवलेलं नसतं."

एकदा मी देवीचे वण पुसले.
नाना पेठेतली मुलगी, बघायला यायचे होते.
दोन रात्री शिसपेन्सिल टोकदार करकरून
तिचा गाल गुळगुळीत केला.
काम सुरेख झालं होतं, अजूनही म्हणते.
सरांनी पाहिलं, पाकिटात घातलं, दिलं.

चौथ्या दिवशी तिची आई आली.
फोटो टेबलावर पालथा ठेवला.
"पोरगी छानय हो. आमची कुठंय?"

नवी प्रिंट फुकट दिली,
कागदाचे पैसे माझ्या पगारातून कापले,
आणि संध्याकाळी खालून खारी आणली, पावशेर,
स्वतःच्या खिशातून.
त्यावर कधी एक अक्षर बोलले नाहीत.

पुढे रोल मिळेनासे झाले. डार्करूममध्ये
बेकरीवाल्यानं मैद्याची पोती रचली.
सर म्हणाले, "बरं झालं. अंधार वाया नाही गेला."

आता मी खराडीला, काचेच्या इमारतींत
ओळखपत्रांचे फोटो काढते.
निळा पडदा, तासाला चाळीस माणसं.
रांगेतल्या मुलाला विचारते,
काय खाल्लंस रे सकाळी?
तो मोबाइलमधून वर येतो,
कुठूनतरी लांबून आल्यासारखा.
चाळिसाचे अठ्ठावीस होतात.
कंपनीनं दोनदा ताकीद दिलीय.

सर गेले तेव्हा त्यांच्या घरात
त्यांचा एकही फोटो निघाला नाही.
माझ्याकडे होता. शिकाऊ दिवसांतला,
फोकस चुकून कानावर गेलेला.
मांडीवर हात, नखं
डेव्हलपरनं तपकिरी झालेली, ओठ अर्धे उघडे,
कारण मी काही विचारायच्या आत
तेच मला विचारत होते, तू काय खाल्लंस?

तोच दिला. पेपरात आला,
दीड इंचाचा. गळ्याखाली कापलेला.

मी फोन लावला.
जाहिरात विभागातला माणूस शांतपणे म्हणाला,
बाई, दर सेंटिमीटरवर असतो.

मी विचारलं,
गुडघ्यापर्यंत किती होतील?