सातफुंकी

खापर पालथं घालतात, तीन दगडांवर,
पोट वर, तोंड खाली, त्याखाली विस्तव.
मांडे करणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं.
त्या तोंडाच्या आत एक गाव आहे
हे फक्त सुपडूला ठाऊक होतं.

सुपडू माझा धाकटा. दोन मुलं दगावल्यावर झालेला,
म्हणून जन्मताच सुपात घालून ओढलेला.
त्यामुळेच असेल, भांड्यांच्या आत काय चालतं
ते त्याला कळायचं.

लग्नसराईत अमळनेरात मायला उसंत नसे.
मांडा ती लाटायची नाही, हातांवर झुलवायची,
या मनगटावरून त्या मनगटावर,
धोतराच्या पानासारखा तो लोंबू लागला
की एका झटक्यात खापराच्या पाठीवर.
आम्ही दोघं मांडवामागे, पऱ्हाट्या मोडून द्यायला.

"माय त्यांच्यावर ढग टाकते," सुपडू म्हणाला.
त्यांच्यावर म्हणजे आतल्या लोकांवर.
त्यांचं आकाश मातीचं,
सूर्य पायाखाली, पऱ्हाट्यांचा,
म्हणून सावल्या वर पडतात
आणि उन्हाळ्यात जो तो
आपली सावली टोपीसारखी घालून हिंडतो.

मांडे त्यांना माहीत नव्हते. ढग कोण खातं?
त्यांचा जीव सातफुंकीवर.
काजळीचा गहू, राखेची पिठीसाखर,
आत काही नाही, भोपळ्याएवढं काही नाही.
तळत नाहीत, भाजत नाहीत,
सात जण एकेक फुंक घालतात.
पहिली घरातल्या सगळ्यात भांडखोर माणसाची,
म्हणजे त्याचा राग आधी निघून जातो.
मग बाळंतिणीची.
मग ज्याचं देणं आहे त्याची.
चौथी-पाचवी सुपडू दर वेळी बदलायचा,
एकदा गाढवाचीही होती.
सहावी करणारणीची.
आणि सातवी, जो आला नाही त्याची.

"आला नाही तर फुंकणार कसा?"
"दारात धरायची. वाट बघायची."
"आणि नाही फुगली तर?"
सुपडूनं बराच वेळ विचार केला.
"मग त्या वर्षी सण नाही."
"पोऱ्या, डोकं काढ तठून," माय ओरडली, "भाजशी ना!"

पंधराव्या वर्षी तो सुरतेच्या गाडीत बसला.
तिकडे माग, इकडे मायचे खांदे गेले,
खापर माझ्याकडे आलं.

परवा बोरीकाठच्या एका लग्नात, भर पंगतीत, ते तडकलं.
उलटून पाहिलं. काजळी.
कोणी पळताना दिसलं नाही.

रात्री नवं खापर घरी आणलं, पिठाचा एक उंडा उरला होता,
आणि मला काय सुचलं कोण जाणे.
भांडखोर मी, विचारायलाच नको.
जाऊबाई कोकिळा, अठरा दिवसांची बाळंतीण.
उधारी मागायला हिरालाल किराणावाला दारात उभाच होता,
त्याला म्हटलं, फुंका. त्यानं फुंकलं.
उधारी विसरला नाही.
चौथी सासऱ्यांची, खोकल्यासकट.
पाचवी शेजारच्या पोराची, गाढव कुठून आणू?
सहावी पुन्हा मीच.

मग दारात उभी राहून सुरतेला फोन लावला.
मागे माग खडखडत होते.
"कोणती सातफुंकी वं ताई? माले याद नही."
मी सगळं सांगितलं, सावल्यांच्या टोप्यांपर्यंत.
तो आधी नाकातून हसला, मग जोरात,
फोनमध्ये फर्रकन वारा सुटला.
मी फोन तसाच त्या पिठाशी नेला.

फुगली नाही, खरं सांगते.
एका कडेला जराशी उचलली गेली,
मांजरीच्या कानाएवढी.
हिरालालनं विचारलं, हे खायचं का?
म्हटलं, थांबा,
आधी सण होऊ द्या.