कडेने

वरच्या मजल्यावरून तोबिनाई बाटल्या पाठवते.
करंगळीच्या पेराएवढ्या, झाकणावर आकडा.
आज एकशे एकोणतीस.
आत काही दिसत नाही, काचेला धुकं चिकटावं
तसा एक पापुद्रा:
तिचे अकरा दिवस.

मी खाली. माझ्याकडे पेशी.
पेशीच्या कातडीत सात वेळा आत-बाहेर ओवलेला रिसेप्टर
दिवसभर गप्प.
मुका नव्हे, त्याला हाक मारणारं कुणी आलेलं नाही.
शरीर स्वतः हाक मारतं तेव्हा
एक डोकं, एक शेपूट असलेलं साधं लिपिड धाडतं,
आणि निरोप देऊन होतो न होतो तोच
ते विरतं, तव्यावरच्या थेंबासारखं.
आम्हाला हवंय तेच, फक्त थोडं चिवट.
इतकंच.
या 'इतकंच'ला सहावं वर्ष.

शेपूट एका कार्बनाने आखूड केलं: पारदर्शक.
दोनाने लांबवलं: पारदर्शक.
मधला बाक काढला, परत घातला,
आणि मी शहाण्णव खळग्यांच्या ताटलीकडे बघत
फोनवर तेच सांगितलं.
जाग आली असती तर
पेशीने अंगावरचा एक तुकडा झटकला असता,
पाणी पिवळं झालं असतं.
तोबिनाई म्हणायची, "बरं."
ते "बरं" मला फोनआधी जिन्यातून ऐकू यायचं.

नव्या वर्षाच्या सुट्टीत तिला मावशीकडे नेलं.
सेन्दाईहून दीड तास, खाडीकाठची शेड,
रॉकेलची शेगडी, गुडघ्यापर्यंत शिंपल्यांचा ढीग.
किनुएमावशी पन्नास वर्षं कालवं फोडते,
तिच्या अंगठ्यालाच आता कवच आलंय.
तोबिनाईने सुरी घेतली
आणि तोंडाशी, जिथे फट दिसते तिथे, झटू लागली.
टवके उडाले. कालव मिटलेलंच.
मावशी हसली नाही.
"समोरून येणाऱ्याला ते ओळखतं.
कडेने शीर. इथून. पातं आडवं धर.
जोर नको. आत एक स्नायू आहे, त्याला फक्त गाठ."

परतीच्या गाडीत तोबिनाई बोलली नाही.
वाफाळलेल्या काचेवर बोटाने सात खांब काढले,
दोन खांबांमध्ये एक फट.
मग पुसून टाकलं, कुणी चोरेल असं.

आम्ही पुढच्या दाराशीच ताटकळलो होतो.
पण लिपिड पाण्यातलं नाहीच.
ते आधी पेशीच्या तेलकट कातडीत मिसळतं,
घरच्यासारखं वावरतं,
आणि खांबांमधून, परसदाराने, आत सरकतं,
शेपूट आधी, डोकं मागून.
म्हणजे शेपूट ताठ हवं.
तिने वळवळणारी साखळी काढली
आणि तिथे बेंझिनची दोन कडी बसवली,
पात्यासारखी चपटी.

एकशे त्रेचाळीस मार्चमध्ये आली.
बाहेर केयाकीच्या फांद्या अजून उघड्याच.
मी थेंब सोडले, तासभर थांबले,
चहा केला, तो प्यायचा राहिला.
तिसऱ्या रांगेत आधी वाटलं, दिव्याचा भास.
मग चौथ्या.
जुन्या वहीच्या कडेइतका पिवळा.
आणि शेवटच्या रांगेत, जिथे भलताच रिसेप्टर होता,
जिथे काहीच व्हायला नको होतं, तिथेही किंचित.

"पिवळं," मी फोनवर म्हणाले.
"आणि नको त्या जागीही थोडं."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग जिन्यात पावलं,
एका पायात चप्पल, दुसऱ्यात नुसता मोजा.
ती ताटलीवर वाकली, श्वास आवरून.
"नको ती जागा कुठली?
ती आधी दाखव."