हजेरीपटातला नवा रकाना

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं
तेव्हा हजेरीपटात मी एक रकाना वाढवला.
नाव, गाव, आठ तासांची रेघ, सही नाही तर अंगठा,
आणि आता : डोस.
पट्टी सापडली नाही, काडीपेटीच्या कडेनं आखला,
म्हणून तो जरा वाकडा आहे.

शेठ म्हणाले, वरून आदेश आहे.
वरून म्हणजे कुठून, हे मानवतात कुणी विचारत नाही.
वरून भाव येतो, वरून लाइट जाते.

गेटवर टेबल टाकलं.
शेख चाँदनं कागद लॅमिनेट करून आणलेला,
लग्नपत्रिकेसारखा दोन्ही हातांनी दिला.
नवनाथ म्हणाला, घेतली बुवा,
दोन दिवस तापानं फणफणलो,
त्या दोन दिवसांची मजुरी कोणत्या रकान्यात लिहिता?
प्रयागाचा नवरा म्हणतो, लस घेतली की लेकरं होत नाहीत.
प्रयागा म्हणाली, पाच हायेत,
अजून किती पायजेत मेल्याला,
अन् दंड पुढं केला, माझ्याचपुढं,
जशी काही सुई माझ्या खिशात.
ट्रकवाला म्हणाला, सक्तीच पायजे,
नाही तं आपले लोक ऐकत नसतेत.
मास्क हनुवटीला लावून म्हणाला.
सगळेच थोडंथोडं खरं बोलत होते.
त्रास तोच होता.

धुरपता खंदारे आत आली नाही.
गेटाबाहेर बाभळीखाली बसली, मांडीवर डबा.
एक दिवस.
दुसरा दिवस.
मी म्हटलं, धुरपताबाई, सरकारी दवाखाना हाकेवर आहे,
सुईला भ्यायला तुम्ही काय लेकरू आहात?
ती म्हणाली,
"वैशाखात त्याच दवाखान्याच्या पायरीवर
रातभर पदर पसरून बसले.
तवा कुणी म्हणलं नाही, ये बाई आत.
आता कामून एवढी माया?"

तिसऱ्या दिवशी तिनं मोबाइल काढला,
रबर लावलेला, मुंजाजीचा.
वाचा म्हणाली, मला येत नाही.
मी वाचलं :
मुंजाजी खंदारे, आपला दुसरा डोस यशस्वीरीत्या पूर्ण. अभिनंदन.
तारीख परवाची.

मुंजाजी हमाल. रुईच्या गाठीला एका झटक्यात हूक मारायचा.
चैत्रात डोक्याला टॉवेल बांधून रांगेत उभा राहिला,
पहिला डोस त्यानं हौसेनं घेतला होता.
वैशाखात परभणीला नेला.
तिथून फक्त चपला आल्या, पिशवीत.

"त्याचं पूर्ण झालंय," धुरपता म्हणाली,
"त्याला घ्या आत.
मी बसते बाहेर."

ती हसत नव्हती.
मी शेठकडं पाहिलं, शेठनं वजनकाट्याकडं.
काट्यावर काहीच नव्हतं,
तरी तो चार किलो दाखवत होता.

त्या संध्याकाळी टपरीवर सगळ्यांची मतं बदलली
आणि चहा संपेस्तोवर पुन्हा जागेवर आली.

सोमवारी ती आली.
दंडाला कापसाचा बोळा चिकटलेला.
मी म्हटलं, आपल्याच जिनिंगचा असेल.
ती बोलली नाही. मलाही मग कसंतरी झालं.
का घेतली, हे मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं :
"सिस्टर म्हणली, जेवून आलीस का?
म्या म्हणलं, नाही.
तिनं तिच्या डब्यातली अर्धी भाकर दिली,
मंग सुई.
इतक्या दिसांत सरकारातलं कुणीतरी
पहिल्यांदा कायतरी इचारलं."

वाकड्या रकान्यात मी लिहिलं, होय.
तिच्या वरच्या ओळीत मुंजाजीचं नाव होतं,
गेल्या हंगामाच्या पटावरून सवयीनं उतरवलेलं.
कॉम्प्युटरच्या मते तिथंही होय.
खोडायला पेन टेकवलं,
उचललं,
टोपण लावलं.

आत पट्ट्यावर धुरपता कवडी निवडत होती,
एकट्या उजव्या हातानं.
डावा दुखत होता.