वाव

साखरीनाट्याच्या दवाखान्यातली मागची खोली.
यासीन होडेकर, तांडेल. माझ्या तक्त्यात सहभागी अकरा.
डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी, केसांत जेल.

मेंदूत बदामाएवढी गाठ असते, मी सांगते,
भीती तिथे जागत बसते.
“कुठला बदाम? दुकानातला का जेटीवरचा?
जेटीवरचा मोठा.”

माझं बोट डावीकडे, उजवीकडे,
मागोमाग त्याचे डोळे,
आणि डोळ्यांमागे खाडीच्या तोंडाशी उलटलेली नौका,
मेव्हण्याचा डिझेलने बुळबुळीत हात.

थांबते. शून्य ते दहा, आत्ता त्रास किती?
“अठरा वाव.”
मी दहा लिहिते.
पुढच्या महिन्यात चौदा. तेव्हाही दहाच.

नवव्या खेपेला म्हणाला, “सहा.
शिसं सोडलं की तळ लागतो आता.”
आलेखात रेघ जेमतेम हललेली.
पुण्याच्या मॅडम म्हणतील, नमुना लहान आहे.
आहेच.

वाव म्हणजे नक्की केवढं, मी विचारलं.
त्याने दोन्ही हात पसरले,
या बोटापासून त्या बोटापर्यंत.
वायरी ताणल्या, पडद्यावर सगळ्या रेघा एकदम उसळल्या.

हालचालीचा दोष. सात सेकंद.
असा तुकडा गाळायचा असतो.